तोटीवरचा हातमोजा

विल्फ ट्रँटरच्या मोटरसायकलखाली केक भाजायची एक जुनी पत्र्याची थाळी असायची. थाळी त्याच्या बायकोची, ऑलिव्हची. लग्नात आहेरात आलेली. तिच्यात एकदाच केक झाला, तोही करपला, आणि मग ती मागच्या शेडमध्ये गेली ती कायमची. गाडी उभी केली की विल्फ बुटाच्या टोकाने थाळी खाली सरकवायचा आणि तिच्यात टप टप तेल पडत राहायचं.

गाडी जुनी, एका सिलिंडरची, बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यातली. तो कारखाना बंद पडला, तिथे घरं झाली, त्या घरांतली मुलंही मोठी होऊन निघून गेली. गाडी मात्र होती. तिचं काळं अंग आणि सोनेरी रेघा बघून पेट्रोल पंपावर अनोळखी माणसं थांबायची. "माझ्या वडिलांकडे होती हो अशीच," म्हणत डोळे पुसायची. विल्फने जन्मभर क्रॅडली हीथच्या साखळ्यांच्या कारखान्यात काम केलं. तिथे त्याच्याकडे बघून कुणी डोळे पुसले नव्हते. या गाडीवर बसला की मात्र तो कुणीतरी असायचा. रस्ता म्हणजे रंगमंच, आणि पडदा उघडायचा तो हिच्या आवाजाने.

पण पडदा उघडेपर्यंत जीव जायचा. थंडीत ती सुरू व्हायला किकवर वीस वीस लाथा माराव्या लागत. एखादी उलटून पोटरीवर बसली की आठवडाभर लंगडायचं. ब्रेक असे, की थांबायचं आज ठरवावं तेव्हा उद्या थांबेल. एक स्क्रू घट्ट करावा तर दुसरा ढिला व्हायचा. आणि आता विल्फचा खुबाही ढिला झाला होता.

"पुरे झालं," डॉक्टर म्हणाले होते.

"पुरे झालं," ऑलिव्हही म्हणाली. पण ती दयाळू बाई. "मे महिन्याची फेरी करून ये. या वर्षी सगळ्यांच्या पुढे तूच आहेस. नीट गेलास, नीट आलास, तर गाडी राहील. नाहीतर शेड मला मोकळी करून दे."

जुन्या गाड्यांच्या त्यांच्या मंडळात रीतच होती. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या गाड्या ब्यूडलीच्या नदीपर्यंत जायच्या, आणि सगळ्यांत वयस्कर माणूस पुढे. तो कितीही हळू गेला तरी त्याला ओलांडायचं नाही. आधीचा पुढारी हिवाळ्यात वारला होता. आता विल्फची पाळी होती.

त्याच हिवाळ्यात थाळी भरून वाहिली आणि तेल शेडमधल्या ऑलिव्हच्या कपडे धुण्याच्या मशीनखाली गेलं. या गाडीचं तेल वेगळ्या टाकीत असतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते नळीतून हळूहळू इंजिनाच्या पोटात उतरतं आणि तिथून जमिनीवर.  ऑलिव्ह नुसती फडकं घेऊन गुडघ्यांवर बसली. विल्फने दुसऱ्या दिवशी त्या नळीवर पितळेची छोटी तोटी बसवली. उभी असताना बंद, निघताना उघडी.

त्याचा दोस्त डेस पार्गेटर हे बघून कपाळावर हात मारून म्हणाला, "विल्फ, काढ ती. गळते आहे तोवर जिवंत आहे ती. एकदा तोटी उघडायची विसरलास की तेलावाचून इंजिन जाम झालंच."

"हे तू ऑलिव्हला सांग."

"छे! मला जगायचंय अजून."

विसरू नये म्हणून विल्फने सोपी युक्ती केली. उजव्या हाताचा मोजा तोटीवर अडकवून ठेवायचा. मोज्याशिवाय निघता येत नाही, आणि मोजा घ्यायला वाकलं की तोटी हाताला लागतेच. सगळा वसंत ही युक्ती चालली.

रविवार उजाडला. पबच्या अंगणात गाड्या जमल्या, विल्फने सवयीने तोटी बंद करून मोजा तिच्यावर अडकवला, बेकनचे सँडविच फिरले. एक बाई विल्फच्या गाडीचा फोटो काढून गेली. विल्फचा खुबा ठणकत होता. रात्री नीट झोप नव्हती. आज हे पार पडलं की मग काय ते आडवं पडू, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आणि मग ऑलिव्ह कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली.

"पुढे जायचंय ना? मग ते फाटके घालून नाही जायचं."

नवे कोरे हातमोजे. तपकिरी, मऊ चामड्याचे. तिने स्वतः त्याच्या हातात चढवले, मनगटाची बटणं लावली. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"चुंबन पण घे, ऑलिव्ह!"

"आधी ती सुरू होते का बघू दे," ती म्हणाली.

विल्फने लाथ मारली आणि पहिल्याच लाथेला गाडी सुरू झाली. कधी नव्हे ते. टाळ्या पडल्या. विल्फने मान लववली आणि सगळ्यांच्या पुढे अंगणाबाहेर पडला.

हेल्सोवेनच्या मोठ्या चढावर इंजिनाचा आवाज बदलला. आधी तो घोगरा झाला, मग इंजिनाने दात खाल्ले. विल्फच्या हाताने डोक्याच्या आधी क्लच दाबला, नाहीतर मागचं चाकच जाम होऊन तो रस्त्यावर आपटला असता. गाडी डगमगली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मागे सगळ्या गाड्या थांबल्या. ओलांडायचं नाही, ही रीतच.

डेस सगळ्यांच्या मागून येणाऱ्या आपल्या व्हॅनमधून उतरून धावत आला आणि वाकला. तोटी बंद होती, आणि तिच्यावर तो जुना, काळाकुट्ट, फाटका मोजा तसाच लटकत होता. त्याने लोकांकडे पाठ केली, तोटी उघडली, मोजा कोटात कोंबला आणि खणखणीत आवाजात ओरडला, "मॅग्नेटो गेला! दुसरं काय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोने प्रत्येकाला कधी ना कधी दगा दिला होता. कुणी पुरावा मागितला नाही.

विल्फ गवतावर बसला. मॅग्नेटो म्हटलं तर गाडी राहणार होती. दगा गाडीने दिला, त्याने नाही. त्याने चढाकडे पाहिलं. एक लॉरी धुरळा उडवत गेली. क्लच दाबायला आज हात पुढे आला. पुढच्या खेपेला तोही दमलेला असला तर?

"डेस, तो मोजा दे इकडे."

"कसला मोजा?"

"दे रे." डेसने तो कोटातून काढला नाही, तेव्हा विल्फच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तोटी बंद राहिली. मी विसरलो. तुम्ही जा पुढे. चहा थंड होईल तिकडे."

कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

डेसच्या व्हॅनमधून गाडी घरी आली. ऑलिव्ह दारात उभी होती.

"काय मोडलं?"

"काही नाही. तोटी विसरलो. शेड तुझी झाली."

तो पुढे काही बोलणार नव्हता. पण डेसने खिसे रिकामे करताना जुना मोजा स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकला. ऑलिव्हने त्या मोज्याकडे पाहिलं, मग विल्फच्या हातांतल्या नव्यांकडे. मोज्याची युक्ती तिला ठाऊक होती. ती खुर्चीवर बसली.

"म्हणजे मीच."

"तू कशी? तोटी मी बसवली."

"माझ्या कटकटीमुळे."

"तू कटकट केलीच नव्हतीस. पुसून पुसून मीच कंटाळलो होतो गं. तुला सांगितलं नाही इतकंच."

 किटली शिट्टी वाजवून थकली, तेव्हा ऑलिव्हने उठून ती उतरवली.

शेवटी विल्फ म्हणाला, "डेस, तू घेऊन जा तिला. खोल, दुरुस्त कर, चालव. मला मागे बसवून ने कधी रविवारी."

"मागे? तू?"

"बसू दे त्याला," ऑलिव्ह म्हणाली. "मी बसलेय जन्मभर. नुसतं पाठीकडे बघायचं आणि वळणावर देवाचं नाव घ्यायचं. कळू दे."

ती शेडमध्ये गेली, केकची थाळी उचलून आणली आणि डेसच्या व्हॅनमध्ये गाडीच्या चाकाशी ठेवली.

"ही पण ने. आणि ती तोटी आधी काढून टाक. गळू दे तिला."

व्हॅन गेली. विल्फ पायरीवर बसला, मनगटाची बटणं सोडली आणि मोजे काढून नाकाशी धरले. त्यांना अजून नुसता दुकानाचा वास होता, तेलाचा नाही.