तम्मासाठी लावलेला मका

मका हे आमच्या रानातलं पीक नव्हतंच. जळकोटकडच्या आमच्या जमिनीत सासऱ्यांच्या काळात ज्वारी-उडीद व्हायचा, पुढं सोयाबीन आणि तूर आली. मक्याच्या चार ओळी बांधाकडेला असायच्या, त्याही पोरांनी कणसं भाजून खावीत म्हणून. शेती मीच बघते. आमचे मालक एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. ते रविवारी रानात येतात आणि आठवडाभर पुरतील एवढे सल्ले देऊन जातात.

माझं माहेर लोह्याजवळ. आई मूळची देगलूरकडची, त्यामुळे तिच्या भाषेतले कानडी शब्द घरात रुळलेले. मी सगळ्यांची अक्का आणि माझ्या पाठचा भाऊ तम्मा. वडील गेल्यावर तम्मानं शेती बटईनं दुसऱ्याला कसायला दिली, बैल विकले आणि म्हशी आणल्या. दूध नांदेडला जायला लागलं. तम्मा कष्टाळू आहे, हे आज राग असला तरी मला नाकारता येत नाही.

मग मक्याला सोन्याचे दिवस आले. मक्यापासून पेट्रोलात घालायचं काहीतरी बनवणारे कारखाने निघालेत, म्हणून दर चढलाय, असं जो तो सांगायचा. व्यापारी आपण होऊन खळ्यावर यायला लागले. माझा त्या वर्षी एक तुकडाभर मका होता. मी हरखले होते, तेवढ्यात तम्माचा फोन आला.

"अक्का, पेंड महागली, मका महागला अन् दुधाचा दर हाय तिथंच हाय. दोन म्हशी बाजारात न्याव्या लागतेत बघ."

त्याचा आवाज रडवेला झाला होता. मी माझा सगळा मका त्याला आदल्या वर्षीच्या दरानं दिला. मालकांनी नुसतं नाक खाजवलं. नाक खाजवणं म्हणजे त्यांची नापसंती. मी म्हटलं, माझ्या पाठचा आहे तो, त्याच्याशी काय घासाघीस करायची? म्हशी दावणीलाच राहिल्या. आईनं फोनवर मला एवढे आशीर्वाद दिले की मी दोन दिवस मिरवत होते.

पुढच्या पेरणीच्या तोंडावर तम्मा स्वतः आला. बांधावर उकिडवा बसला आणि म्हणाला, "यंदा सोयाबीन सोड. समदं रान मक्याला टाक. दाना माझ्या दावनीला. बाजार वर जाऊ की खाली, आपला मधला दर ठरला. तू बी बुडायचं न्हाई, मी बी न्हाई. महादेवाची आन."

मालक म्हणाले, "निम्मं तरी सोयाबीन राहू दे." मी ऐकलं नाही. सगळं रान मक्याचं केलं. मका आला पण असा जोमदार, की रस्त्यानं जाणारा माणूस गाडी थांबवून विचारायचा, बियाणं कोणतं म्हणून.

गणपतीच्या दिवसांत चाकूरकडचा एक मुरघासवाला यंत्र घेऊन गावात आला. दाणा दुधाळ असताना उभा मका कापायचा, त्याची बारीक कुट्टी करायची आणि ती हवाबंद पिशव्यांत दाबून जनावरांसाठी मुरवायची, हा त्याचा धंदा. या कामाचे दिवस थोडेच असतात. दाणा कडक झाला की त्या मक्याचा मुरघास होत नाही. त्यानं माझं रान फिरून पाहिलं आणि उभं पीक घ्यायला तयार झाला. दर बरा होता. काढणी नको, मळणी नको, वाळवणं नको. मी तम्माला फोन लावला.

"कापू नको अक्का," तो म्हणाला. "मला दानाच पायजे. उभा राहू दे."

"पक्कं?"

"मी काय परका हाय का?"

मी मुरघासवाल्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. गाडीत बसताना तो म्हणाला, "ताई, पुन्हा येनं व्हायचं न्हाई." मी म्हटलं, नका येऊ. तोऱ्यात म्हटलं.

दसऱ्यापर्यंत दर घसरायला लागला. लातूरच्या बाजाराचा आकडा रोज मोबाइलवर यायचा आणि आदल्या दिवशीपेक्षा खाली असायचा. गावात ज्यांनी ज्यांनी माझं बघून मका लावला होता, त्यांची तोंडं उतरली. बायका मला विचारायच्या, तुमचं कसं हो? मी सांगायचे, माझा मका पेरायच्या आधीच विकला गेलाय. आता ते आठवलं की माझीच मला चीड येते.

तम्माचे फोन मात्र कमी झाले. मी केला तर, धारा काढून राहिलोय, मग करतो, म्हणायचा. ते 'मग' काही यायचं नाही. दिवाळी झाल्यावर एका सकाळी तो रिकामा पिकअप घेऊन खळ्यावर आला. मालकांची सुट्टी होती. वाळवून, ऊन देऊन, चाळून ठेवलेली माझी रास ताडपत्रीखाली होती. तम्मानं मूठभर दाणे घेतले, एक दाताखाली फोडला आणि तोंड वाकडं केलं.

"ओल हाय."

मला हसूच आलं. तो दाणा फोडताना झालेला आवाज मला लांबूनही ऐकू आला होता. ओला दाणा असा वाजत नाही. वाटलं, चेष्टा करतोय. मग त्यानं खांद्यावरची दस्ती काढली, स्वतःच्या उजव्या हातावर पसरली आणि तो हात मालकांच्या पुढं धरला.

"या दाजी."

आमच्याकडं जनावरांच्या बाजारात असं करतात. दस्तीखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून दर सांगायचा. भोवतीच्या माणसांना कळू नये म्हणून. दलाल करतात, अनोळखी गिऱ्हाईक करतं. घरात कुणी करत नाही. आमच्या वडिलांनी जन्मभर बैलांचे व्यवहार केले, पण सोयऱ्याधायऱ्यांसमोर खांद्यावरची दस्ती कधी खाली उतरवली नाही. मालक बिचारे भांबावले, पण मेहुण्यानं पुढं केलेला हात कसा झिडकारायचा? त्यांनी आपला हात दस्तीखाली घातला. मी चार हातांवर उभी होते. रान मी कसलेलं, मका मी पिकवलेला, बोली माझ्याशी झालेली. आणि आता दर ठरत होता तो मालकांच्या बोटांवर, मला दिसू नये म्हणून.

मालकांनी हात बाहेर काढला.

"किती म्हणाला?" मी मोठ्यानं विचारलं.

"बाजारापेक्षा खाली," ते म्हणाले. नाक खाजवायचंही विसरले होते.

"आणि मधला दर, तम्मा?"

तो दस्तीची घडी घालत बसला. "अक्का, त्या पेट्रोलाच्या कारखान्यातून मक्याची उरलेली भुकटी निघून राहिली. लई स्वस्त पडती. म्हशी खातेत. मला दाना लागतच न्हाई आता. तुझा म्हनून घेऊन राहिलो."

"तू जबान दिली होतीस."

"जबान तेजीत दिली व्हती."

हे तो इतक्या साधेपणानं बोलला, की आपण काही वावगं बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं. मी म्हटलं, गाडी रिकामी आणलीस तशीच ने. माझा आवाज चढला होता, शेजारच्या रानातली माणसं बघत होती, बघू देत. तो गेला. मका लातूरला गेला आणि मिळेल त्या दरात विकला गेला. मुरघासाला चालला असता तो कडबा शेवटी गावातल्या गुरांनी तुडवला.

दाणा स्वस्त झाला की म्हशीवाल्याला बरे दिवस येतात, हे मला कळत नाही असं नाही. दोन वर्षं त्यानं महाग चारा घातला, दुधानं त्याला हात दिला नाही. त्याला चार पैसे सुटले तर मला आनंदच होता. गणपतीत तो एवढंच म्हणाला असता, अक्का, कापून टाक, तर मी एका शब्दानं बोलले नसते. पण पुढं बोलता बोलता आईच सहज म्हणाली, "पोळ्यापासून भुकटीच घालून राहिला की त्यो." पोळा गणपतीच्या आधी येतो. म्हणजे मुरघासवाला माझ्या बांधावर उभा होता, तेव्हा तम्माला ठाऊक होतं. उद्या दर चढलाच तर हाताशी असावा, म्हणून त्यानं माझा मका उभा ठेवला. माझा विश्वास त्यानं गोठ्यातल्या जादा वैरणीसारखा वापरला. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले, मका विकताना नाही.

नागपंचमीला आमच्याकडं भाऊ बहिणीला न्यायला येतो. माझ्या लग्नापासून एकही पंचमी माझी माहेराबाहेर झालेली नव्हती. यंदाही तम्मा आला, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं. मालकांशी पावसापाण्याचं बोलला, दोन कप चहा प्याला. मी स्वयंपाकघराच्या दारातून सांगितलं, मी येत नाही. त्यानं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडण झालं असतं तर कदाचित गेलेही असते. तो चप्पल घालून निघाला.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिला आता नीट दिसत नाही, फोन शेजारची पोरगी लावून देते.

"तम्मा म्हनला, तुझ्याकडं मळनी चालू हाय. म्हनून आली न्हाईस."

"हाव."

आईचा अख्खा जन्म शेतात गेलाय.

"कशाची मळनी गं, श्रावनात?"

"सोयाबीनची," मी म्हणाले.

माझं सोयाबीन तेव्हा जेमतेम वीतभर होतं.

"बरं," आई म्हणाली. "होऊ दे मग."