आईच्या आवाजावर ठेवलेलं शिसं

रेवदंड्याच्या खाऱ्या हवेत लोखंडाचं पीठ होतं, रेकॉर्ड तर पापडासारखी फुगते. आमच्याकडे रेकॉर्ड एकच. तिच्यावर आई धवले गाते, आम्हा कोळ्यांच्या लग्नात म्हणायची गाणी. तिनं इकडे तोंड उघडलं की तिकडे थळच्या होड्या माघारी फिरत. वर्षापूर्वी तिला अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. ओळखीचं ऐकवत राहा, डॉक्टर म्हणाले. म्हणून मी रेकॉर्ड वाजवायचं जुनं टर्नटेबल आणलं. पण नेमका आईचा आवाज आला की सुई बेडकासारखी उडी मारायची.

ते विकणारा दुकानदार फोनवर म्हणाला, "हलका क्लॅम्प घ्या. मधल्या खुंटीला आवळून बसतो, रेकॉर्ड सपाट दाबतो. वर ठेवायचं वजनही मिळतं, पण तुमचं मशीन नाजूक आहे."

आता हा कोळ्याला वजन शिकवणार! जाळं तळाला बसत नसेल तर शिसं वाढवायचं, सात पिढ्या आम्हाला एवढंच ठाऊक. मी जाळ्याचं शिसं वितळवून वाटीत ओतलं. असा गोळा झाला की भरती थोपली असती.

"अवो," बायको म्हणाली, "गानं ऐकायचं हाय का मशीन बुडवायचं हाय?"

गोळा वर ठेवताच रेकॉर्ड सपाट झाली. सुई उडेना. पण चाक मंदावलं, मशीन धापा टाकू लागलं आणि आईच्या गळ्यातून होडीवरचा कुणी झिंगलेला तांडेल गाऊ लागला. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

मुकाट क्लॅम्प मागवला. तोवर शिशानं चाकाखालचं बेअरिंग खचवलं होतं. क्लॅम्प लावूनही तांडेल काही हटेना. मी मशीन बंद करणार, तेवढ्यात आईनं डावा हात पुढे केला, चाकाच्या कडेला बोट लावलं आणि फिरवू लागली. आवाज चढत चढत तिचा झाला, अगदी तिचा. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. ते हलले नाहीत.

दोन ओळी झाल्या आणि बोट घसरलं. तिनं माझा हात ओढून चाकावर ठेवला. मी फिरवलं. मनगटावर चापट बसली. सावकाश फिरवलं, पुन्हा चापट.

"त्यांची चाल न्हाय जमत तुमाला," बायको हळूच म्हणाली.

रोज दुपारी आम्ही बसतो. मनगट लाल होतं. ती चाल अजून मला सापडलेली नाही, आणि आईला आता लवकर दम लागतो.