घरचा फ्यूज

आमचे दाजी वायरमन. पूर ओसरला आणि त्यांचा भाव वधारला. एरवी बघून न बघितल्यासारखं करणारी गल्ली 'आधी आमच्याकडे या' म्हणून मागे लागली. दाजी घरात शिरायचे, मेन बंद करून फ्यूज काढायचे, त्यावर चिकटपट्टीने नाव लावायचे आणि पिशवीत टाकायचे. "बोर्ड वरून कोरडा दिसतो, आत पाणी असतं. मी तपासल्याशिवाय लाइट नाही." लोकांनी शिव्या घातल्या, दाजी बधले नाहीत. फ्यूज हाताशी असला की माणसाला धीर धरवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

स्वतःच्या घरचा फ्यूज मात्र त्यांनी काढून नुसता फळीवर ठेवला. वायरमनच्या बायकोला काय सांगायचं?

ही बायको म्हणजे माझी ताई. तीन दिवस आम्ही दोघं हातमोजे घालून चिखल उपसत होतो. गाद्या बाहेर फेकल्या, भिंती घासल्या. मागच्या खोलीतलं घोटाभर पाणी काही हटेना. रोज सकाळी ती विचारायची, "आपलं कधी बघणार?" दाजी चपला सरकवत म्हणायचे, "उद्या नक्की." जगाची कामं करायची हौस दांडगी.

चौथ्या दिवशी बादल्या उचलून ताईची कंबर धरली. बोर्डावरून हात फिरवत ती म्हणाली, "सुकलाय रे. मोटर लावू का? तासाभरात खोली रिकामी होईल."

माझेही खांदे गेले होते. "लाव की," मी म्हणालो. "फ्यूजसाठी रांगेत उभं राहायला आपण काय परके आहोत?"

ती हसली. फ्यूज बसवला, मेन चालू केला आणि त्याच पाण्यात उभी राहून मोटरचं बटण दाबलं.

मी अंगणातून धावलो तेव्हा ती खाली पडली होती. फावड्याच्या लाकडी दांड्याने मेन पाडला, पण ताई गेली होती.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत राहिलो, या माणसाने गल्ली सांभाळली आणि घर वाऱ्यावर सोडलं. दाजींना ऐकू जाईल अशा बेताने सांगत होतो. ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

आठवड्याने ते माझ्यासमोर येऊन बसले. "मोटर लावायच्या आधी ती कुणाला काही म्हणाली होती का?"

"नाही," मी म्हणालो.