दोन काठांनी टेंभुर्णीपर्यंत

मुलगी शिकायला पुण्याला गेली त्या वर्षी माझ्या पायांना काहीतरी झालं. दुखत नव्हते, सुजत नव्हते, फक्त एका जागी थांबत नव्हते. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते. तिथं दिवसभर उभं राहूनही संध्याकाळी घरी बसवायचं नाही. कुकर लावला की ओट्यापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या सुरू. नवरा टीव्हीचा आवाज कमी करून म्हणायचा, "अगं, बस की जरा. तुला बघून मलाच दमायला होतंय."

एका रविवारी मुलीची सायकल जिन्याखालून बाहेर काढली, पुसली, हवा भरून आणली आणि हिप्परग्याच्या तलावावर जाऊन आले. पुढच्या रविवारी होटगीचा तलाव. मग मंद्रूपच्या रस्त्याला लागले आणि ज्वारीच्या रानातून कुठल्या कुठं गेले. पाणी दिसलं की बरं वाटायचं, पण ते चहा संपेपर्यंतच. कप खाली ठेवला की वाटायचं, हा रस्ता पुढं कुठं जातो?

हिप्परग्याच्या बांधावरच अक्का भेटल्या. साठी ओलांडलेल्या, तेलुगू घरातल्या. त्यांच्याकडं टॉवेलचे यंत्रमाग होते आणि लग्न झाल्यापासून त्यांनी टॉवेलच्या घड्या घातल्या होत्या. नवरा गेल्यानंतर, पन्नाशी उलटल्यावर, त्या सायकल शिकल्या. पंजाबी ड्रेस, पायात बूट, हेल्मेटखालून डोकावणारा गजरा. मला त्या 'चेल्ली' म्हणायच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत धाकटी बहीण. त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे माझ्या जिवाची परीक्षा. विहीर दिसली की थांब, बोरं दिसली की थांब, शेरडं घेऊन बाई चालली असली की तिच्याशी बोलायला थांब. मी एक पाय पेडलवर ठेवून नुसती चुळबुळत राहायची. तरी दर रविवारी जायची त्यांच्याचबरोबर. का ते मला सांगता आलं नसतं.

मग त्यांचे माग विकले गेले. मुलगा हैदराबादला होता, त्यानं तिकडंच बोलावलं. एका सकाळी त्या म्हणाल्या, "चेल्ली, जायच्या आधी उजनीचं पाणी बघायचंय. सगळा जन्म नळाची वाट बघण्यात गेला. ते येतं तरी कुठनं, एकदा बघू की."

ओळखीचा एक टेम्पोवाला करमाळ्याच्या दुकानांना टॉवेल-चादरी द्यायला जायचा. त्यानं गठ्ठ्यांवर आमच्या सायकली आडव्या टाकल्या आणि जेऊरला उतरवलं. "संध्याकाळी परत येताना घेतो," म्हणाला. ऊसतोडीचे दिवस होते. जेऊर सोडलं की दोन्ही बाजूंनी ऊस, मधे केळीच्या बागा, समोरून उसानं लादलेल्या ट्रॉल्या. ट्रॉली आली की सायकल खाली मातीत घ्यायची, गेली की परत वर. आणि अचानक उसाच्या शेंड्यांवर पाण्याची रेघ दिसली. वळलो की गायब, पुन्हा वळलो की उजव्या हाताला. धरणाचं फुगलेलं पाणी ओढ्याओढ्यांतून आत शिरलेलं, त्यामुळं रस्ता त्याला वळसे घालत जातो. मला ते भारी आवडलं. प्रत्येक वळणाला पुढचं काय, पुढचं काय, असं होत होतं.

अक्कांना मात्र रोहित पक्षी बघायचे होते. वाटेतला प्रत्येक माणूस सांगायचा, "व्हय, हायत की, लई हायत. पर हितं न्हाय, तितं पुढं." आमचं ठरलेलं होतं: जी पुढं जाईल तिनं फाट्यावर थांबायचं. एका ओढ्याच्या पुलावर त्या फोटो काढायला उतरल्या आणि म्हणाल्या, "तू हो पुढं. तुझे पाय बघ कसे नाचायलेत."

मी फाट्यावर जाऊन थांबले. बसले, उठले, पाणी प्यायले. फाट्यावरच्या चिंचेला दहा फेऱ्या मारल्या असतील. अक्का आल्या नाहीत. फोन लावला तर लागेना. मागं वळले आणि पुलापर्यंत जोरात आले. पुलावर कुणीही नव्हतं. खाली पाण्याकडं बघवेना, तरी बघितलं. काठावर शेवाळलेली जाळी वाळत पडली होती आणि दोन बगळे उभे होते. पुलाशेजारून एक मातीची वाट पाण्याकडं उतरत होती. ती मघाशी माझ्या ध्यानातच आली नव्हती.

वाटेच्या शेवटी एक बाई मासळी निवडत बसली होती. मी धापा टाकत विचारलं, "मावशी, सायकलवाली एक म्हातारी बाई दिसली का? गजरा घातलेली?"

"ती व्हय? गेली की."

"कुठं?"

बाईनं हनुवटीनंच समोर दाखवलं. समोर नुसतं पाणी होतं आणि पार पलीकडं काठाची धूसर पट्टी. "लाँचनी गेली. पाखरं बघायची म्हनली. आमच्या मालकानं सांगितलं, पाखरं पल्याडच्या अंगाला हायत, तर म्हनली मला न्या. सायकल बी घेतली. वर कुनाला तरी हाक मारत हुती लई येळ."

मला हसावं की रडावं कळेना. प्रत्येक विहिरीला थांबणारी ही बाई मला फाट्यावर उभी करून तालुका, जिल्हा सगळं ओलांडून गेली होती.

थोड्या वेळानं फोन वाजला. वाऱ्याच्या आवाजातून अक्कांचा आवाज आला. "चेल्ली! गुलाबी आहेत गं! चालताना गुडघे उलटे मुडपतात बघ त्यांचे!"

"अक्का, तुम्ही आहात कुठं?"

"पलीकडं. तू ये की, लाँच पाठवते."

पण लाँच आली नाही. दुपारचा वारा सुटला होता आणि मघाचं गुळगुळीत पाणी पांढऱ्या लाटांनी भरून गेलं. मासळीवाल्या बाईचा नवरा पलीकडूनच फोनवर म्हणाला, वारा पडल्याशिवाय लाँच सोडणार नाही, आणि वारा कधी पडेल ते सांगता येत नाही. बाई म्हणाली, "बसा की हितं. भाकरी खावा." मी बसले. अर्धी भाकरी आणि माशाचं कालवण खाल्लं आणि पुन्हा उठले.

अक्कांचा पुन्हा फोन. "मी इथं थांबत नाही. इथनं इंदापूरला रस्ता जातो म्हणतात. मी हायवेनं टेंभुर्णीला येते. तू तुझ्या बाजूनं ये."

"हायवेनं? एकट्या? ट्रक बघितलेत का तुम्ही? तिथंच बसा, मी टेम्पोवाल्याला सांगते."

"त्याला टेंभुर्णीलाच यायला सांग," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्या दुपारी मी सायकल चालवली ती आजवर कधीच चालवली नव्हती तशी. वारा तोंडावर, डोळ्यांत उसाची धूळ. जेऊरला आले. तिथं टेम्पोची वाट बघत चहा पीत बसता आलं असतं, पण पाय ऐकेनात. पुढं निघाले. मनात सारखा पलीकडचा काठ. आता त्या इंदापूरला पोचल्या असतील. आता हायवेला लागल्या असतील. आता मागनं एखादा ट्रक हॉर्न देत असेल आणि त्या घाबरून कडेच्या खडीत उतरल्या असतील. मुलगी पुण्यात पहिल्यांदा एकटी बसनं गेली त्या दिवशीही मी अशीच प्रत्येक थांबा मनात मोजत होते. पाणी आता दिसत नव्हतं. ते कुठंतरी माझ्या उजव्या हाताला होतं आणि त्याच्या पलीकडच्या काठानं एक म्हातारी माझ्याच दिशेनं येत होती, एवढंच माहीत.

टेंभुर्णीच्या एसटी स्टँडसमोर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. अक्का नव्हत्या. फोन बंद. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून येणारी प्रत्येक सायकल बघत होते. कामावरून घरी जाणारी माणसं, कॅरिअरला वैरण बांधलेली. टेम्पोवाला करमाळ्याहून आला, त्याचा चहा पिऊन झाला, तो म्हणाला, "ताई, आपण जाऊन बघू का पुढं?" मी टेम्पोत चढायला लागले आणि तेवढ्यात हायवेच्या पुलाखालून त्या आल्या, सायकल हातानं ढकलत. हेल्मेट हँडलला लटकलेलं, मागचं चाक पंक्चर.

मी ओरडलेच. "काय हे अक्का! जीव गेला असता माझा!"

त्यांनी सायकल टेम्पोला टेकवली, ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आधी रस पाज. मग भांड."

रसवंतीवर त्यांनी सांगितलं. भीमेच्या पुलावर ट्रकच्या वाऱ्यानं सायकल हलली, तेव्हा उतरून चालल्या. तोंडानं मोठ्यानं देवाचं नाव घेत चालल्या. पूल संपला तशा परत बसल्या. टेंभुर्णी दिसायला लागली आणि टायर बसला. "भीती वाटली," त्या म्हणाल्या. "लई वाटली. पण चेल्ली, घड्या घालताना कधी काहीच वाटायचं नाही मला. म्हणून मी जिथं तिथं थांबायची. काहीतरी दिसावं म्हणून." ग्लास खाली ठेवून त्यांनी मला निरखून बघितलं. "तू कशासाठी पळतीस?"

मी दुसरा ग्लास मागवला.

परत येताना टेम्पोच्या केबिनमध्ये त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपल्या. मी जागी होते. मोहोळ गेलं, सोलापूरचे दिवे आले.

उन्हाळ्यात अक्का हैदराबादला गेल्या. सायकल बरोबर नेली. तिथं अपार्टमेंटच्या आवारात सून फिरू देते, बाहेर नाही. कधी फोन करतात, विचारतात, कुठं जाऊन आलीस? मी सांगते: कुरनूरचं धरण, बोरी नदी, अक्कलकोटच्या पुढं पाट्या कानडीत लागायला लागतात तिथपर्यंत. त्या विचारतात, "आणि काय बघितलंस?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला आठवायला वेळ लागला. आता जाताना एखाद्या ठिकाणी उतरते. सायकल झाडाला लावते, थोडा वेळ उभी राहते. पाय खाली वळवळत असतात. मी त्यांना म्हणते, थांबा की जरा, आणि ते थांबतात न थांबतात तोवर मी पुन्हा रस्त्याला लागलेली असते.