गोठलेली बाटली

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे फ्रिज रिकामा करणं. उन्हाळ्याची सकाळ होती. ती फरशीवर बसली होती, मी वाकून एकेक वस्तू तिच्या हातात देत होतो. दह्याचा बर्फ झालेला. टोमॅटो दगडासारखे. कोथिंबिरीची जुडी तर हातात धरली की कडाकडा मोडायची.

"ह्यो फ्रिज हाय का बर्फाचा कारखाना?" ती म्हणाली. "लेकीनं आयला थंडावा दिला, पर लईच दिला."

फ्रिज मुलीचा. जावई लोणी देवकरला कारखान्यात. त्यांनी नवा घेतला आणि जुना आमच्याकडं वरकुट्याला पाठवला, तिच्या आईच्या साखरेच्या इंजेक्शनची बाटली गार राहावी म्हणून. आठ-दहा दिवसांपासून तो सगळंच गोठवायला लागला होता. बटण कमी करत करत मी एकावर आणलं. भिंतीपासून पुढं ओढला. दाराचं रबर पुसलं. काही फरक नाही. मोटर थांबायचं नाव घेत नव्हती.

शेवटी ती बाटली काढली. तीही गोठलेली. मी वाटीत कोमट पाणी घेतलं आणि बाटली त्यात सोडली. हे आता रोजचंच झालं होतं. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "चालंल का ह्ये?"

मी म्हणालो, "न चालायला काय झालं? गाय भरवायला डॉक्टर येतो, तो टाकीतनं बैलाच्या बीजाची गोठल्याली कांडी काढतो, कोमट पाण्यात धरतो, आन् गाय गाभण ऱ्हातीच की."

"बघा हां," ती म्हणाली. "मला कालवड झाली तर तुमीच संभाळायची."

हसून हसून आमची पुरेवाट झाली. माझी शाळा चौथीत सुटली, पण जन्म गोठ्यात गेला. गोठ्यातल्या अकलेवर मी बायकोचं औषध ठरवलं.

इंजेक्शन मीच द्यायचो. त्या सकाळीही दिलं. ती तांब्याभर पाणी प्यायली, लगेच आणखी एक. मी म्हणालो, "ऊनच तसलं पडलंय." दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. हाक मारली की डोळे उघडायची आणि परत मिटायची. जीपमध्ये घालून बारामतीला नेली. साखर फार चढलीय, डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेली.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं. मुलगी रडत रडत आल्यागेल्याला सांगायची, "आय ऐकायचीच न्हाय वो. ग्वाड खाल्लं आसंल चोरून." बायका माना हलवायच्या. एक जण म्हणाली, "जिभंनं घात केला म्हातारीचा." मलाही वाटलं, खाल्लं असेल. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

मुलीनं जाताना फ्रिजातलं दूध बघितलं, ते गोठलेलं. म्हणाली, मेकॅनिक बोलवा. म्हणून इंदापुराहून एक जण बोलावला. त्यानं बर्फाच्या कप्प्यामागं हात घातला आणि तारेएवढी बारीक नळी ओढून काढली.

"आबा, ही कुणी सोडवली?"

मीच. महिन्याभरापूर्वी कप्प्यात बर्फ साठला होता, तो मी खुरप्यानं खरवडला. तेव्हा ही नळी सुटून लोंबायला लागली. कामाची नसेल असं समजून मी ती मागं खुपसून दिली होती.

"ही कप्प्याला चिकटून बसायला पायजे. किती गार झालं ते हिलाच कळतं. ही सुटली की मशीन थांबतच न्हाय."

नळी जागेवर बसवली. पाच मिनिटांचं काम. हात पुसता पुसता तो म्हणाला, "औषिद-बिषिद न्हवतं ना ह्यात? मेडिकलवाल्यांचे फ्रिज मीच बघतो. इन्शुलिन एकदा गोठलं की ते फेकूनच देत्यात. काय उपेग ऱ्हात न्हाय त्याचा."

"न्हवतं," मी म्हणालो.

आयुष्यभर तोंडावर बोलणारा म्हणून लोक मला टरकायचे, आणि त्या पोराएवढ्या माणसाशी मी खोटं बोललो. तो गेला. थोड्या वेळानं मोटर आपोआप बंद झाली. मी फ्रिजपुढं तसाच बसून राहिलो. चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं लोणी देवकरला गेलो. मुलगी भाकरी थापत होती.

"आबा? इतक्या सकाळचं? बसा, च्या टाकते."

"च्या नको. तुझ्या आयनं काय ग्वाड खाल्लं न्हवतं. फ्रिज मी बिघडवला, त्यात औषिद गोठलं, आन् त्येच मी तिला धा दिवस टोचलं. ज्यांला ज्यांला तू सांगितलंस, त्यांला आता ह्ये सांग."

तिचा हात परातीतच राहिला. तव्यावरची भाकरी जळाली, तरी तिनं उलटली नाही.

ती म्हणाली, "आयला ठावं हुतं, औषिद वाया गेलंय त्ये?"

"न्हाय," मी म्हणालो. "मी सुई हातात घेतली की ती दंड पुढं करायची."