तीन उशा

देवीने मला बरं केलं, हे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. स्तनाच्या कॅन्सरमधून मी उठले, त्या वर्षी नवरात्रात ठाण्याला जाऊन टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरली, आणि तेव्हापासून ओळखीपाळखीच्या बायका आपल्या घरच्या आजारी लेकीसुनांना माझ्याकडे आणू लागल्या. "तुमच्या हाताला यश आहे, हिची ओटी तुम्हीच भरा," म्हणायच्या. मीही भरायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. डोक्यावर केस परत आल्याचा जितका आनंद झाला नसेल, तितका त्या मानाचा व्हायचा.

अशी काही वर्षं गेल्यावर जिना चढताना धाप लागू लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "केमोच्या ज्या लाल औषधाने तुमचा कॅन्सर गेला, त्यानेच हृदय दमवलंय. काहींना असं होतं, कधी कधी वर्षांनंतरही. आता गोळ्या कायमच्या. मीठ कमी, वजनावर लक्ष. आणि आडवं पडल्यावर गुदमरून उशा वाढवाव्या लागल्या, तर लगेच यायचं." मी मान डोलावली आणि बाहेर येऊन यजमानांना पहिलं वाक्य बोलले ते हे, की कुणाला सांगायचं नाही.

मला लाज वाटत होती. माझी तर वाटलीच, पण हसू नका, देवीचीही वाटली. लोक म्हणतील, हिच्या देवीने हिला अर्धवटच बरं केलं. जगदंबेची अब्रू जणू माझ्याच पदराला बांधली होती! गोळ्यांचा डबा मी साबुदाण्याच्या बरणीमागे ठेवला. धाप लागली की पित्त झालंय म्हणायचं. शेजारच्या मंगलताईंसमोर तर मी मुद्दाम जिन्याने चढायची आणि वर पोचल्यावर चप्पल काढण्याच्या निमित्ताने भिंतीला धरून उभी राहायची.

गेल्या नवरात्रात मंगलताई त्यांच्या धाकट्या बहिणीचं, सुनंदाचं, साकडं घेऊन आल्या. तिलाही तोच कॅन्सर, तीच औषधं, नुकतीच संपलेली. अष्टमीला देवीसमोर तिच्या नावाची ओटी माझ्या हातून जावी, अशी त्यांची इच्छा होती. मी हो म्हटलं आणि नेहमीसारखे कडक उपास धरले. आता माझी अक्कल ऐका. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. मी उपासाला मीठ खातच नव्हते, सैंधव खात होते! बटाट्याच्या किसात सैंधव, ताकात सैंधव, भगरीच्या आमटीत सैंधव. ते उपासाचं, म्हणजे ते मिठात धरायचं नाही, असा माझा हिशोब. लघवी होण्याची जी गोळी होती, ती रांगेत पंचाईत नको म्हणून बंद केली. पाय सुजून जोडवी रुतू लागली, तर बोटं साबण लावून सोडवली. मान अवघडते असं यजमानांना सांगून एकीच्या जागी दोन उशा घेतल्या, मग तीन.

अष्टमीला सकाळी मंगलताई आणि मी टेंभी नाक्याला पोचलो. रांग लांबलचक होती. माझ्या हातात खण, नारळ, तांदूळ. थोडं पुढे सरकलो आणि माझा श्वास छातीच्या वरच अडकायला लागला. मंगलताई आनंदाने बोलत होत्या, मी हसून हुंकार देत होते. मनात एकच धावा चालला होता, आई, आज इथे पडू देऊ नकोस, सगळ्यांदेखत लाज काढू नकोस. जीव वाचव असं मी म्हटलं नाही. आज ते आठवलं की मान खाली जाते.

आमच्या पुढे एक माझ्याच वयाची बाई होती, अंगावर साधी सुती साडी. ती वळली. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि अगदी हळू विचारलं, "ताई, रात्री उशा किती घेता?"

डॉक्टरांशिवाय हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. यजमानांशी खोटं बोलले होते, मंगलताईंशी बोलले होते, पण तिच्यासमोर तोंडून निघून गेलं, "तीन."

"मी पण तीनच घेत होती. लाल औषध झालेलं ना?" असं म्हणत तिने रांगेतच, रस्त्यावर बैठक मारली आणि माझा हात धरून मला खाली ओढलं. "बसा. लाजू नका, मी पण बसलेय बघा. चला, आता दवाखान्यात जायचं."

मंगलताई गोंधळल्या. "अहो, पण यांना तर देवीनंच बरं केलंय!"

"केलंय की. मग बरं केलेलं सांभाळायचं कोणी? ते पण तिनंच?"

तिनेच रिक्षा थांबवली. रांगेतली जागा सोडून ती आमच्याबरोबर दवाखान्यापर्यंत आली. दिवा स्टेशनजवळ राहते एवढंच म्हणाली. मला आत नेलं आणि त्या धावपळीत ती निघून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. ती कोण होती, यावर मी तर्क करत नाही. माझ्या पुढे ती उभी होती, एवढं मला पुरतं.

अंगातलं पाणी उतरलं. उपासाचं सैंधवही मीठच असतं, हे डॉक्टरांनी न हसता समजावलं. दसऱ्यानंतर घरी आले, तेव्हा मंगलताई सुनंदाला घेऊन आल्या. मला वाटलं, आता ओटी माझ्या हातून नको म्हणतील. त्यांनी तोच खण आणि तोच नारळ माझ्यासमोर ठेवला. मी उठले नाही. गोळ्यांचा डबा टीपॉयवर उघडा होता, तो झाकला नाही. खुर्चीत बसूनच सुनंदाची ओटी भरली आणि तिच्या कानाशी विचारलं, "रात्री उशा किती घेतेस गं?"

तिने चमकून बहिणीकडे पाहिलं. डोळे भरून आले. "दोन," ती म्हणाली. "धाप लागते. पण तुम्हाला तर कधी काहीच झालं नव्हतं, म्हणून वाटलं माझ्याच मनाचे खेळ असतील. सांगायची लाज वाटली."

माझी लाज माझ्यापुरती आहे, असं मी समजत होते. ती तर या पोरीच्या उशाखाली जाऊन बसली होती. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघी डॉक्टरांकडे गेलो.

आई, आजवर मी तुला माझं चांगलंचुंगलं दाखवत आले आणि बिघडलेलं बरणीमागे लपवत आले. तू तरीही त्या गर्दीत माझ्यासाठी कुणाला तरी रस्त्यावर बसवलंस. आता हे दमलेलं हृदयही तुझंच. सकाळी दिवा लावते, तुझ्यासमोर बसूनच गोळ्या घेते. सुनंदाचा फोन येतो. आधी ती मला विचारते, मग मी तिला. हल्ली दोघींचं उत्तर एकच असतं, "एक."