खालच्या खणातला डबा

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे, तिथे मावशी काउंटरवर असते. ती कुणाची सख्खी मावशी नाही, पण कुणाचं कुठे दुखतं हे तिच्याइतकं सख्ख्या मावशीलाही ठाऊक नसतं. तिचा सगळा जीव एका डब्यावर होता. एमएसएम नावाची पांढरी पावडर. आम्ही सगळे त्याला गंधकाचा डबा म्हणायचो. कांद्या-लसणात गंधक असतो ना, त्याच्याच कुळातलं हे, सांध्यांना वंगण मिळतं, असं मावशी सांगायची.

डबा तिने मुद्दाम सगळ्यात खालच्या खणात ठेवला होता. गिऱ्हाइकाने गुडघ्याचं नाव काढलं की ही उकिडवी बसायची, डबा काढायची आणि कशाला न धरता ताडकन उभी राहायची. "माझं वय बघा आणि माझे गुडघे बघा," एवढंच म्हणायची. मीही एक डबा नेला होता, खोटं कशाला बोलू.

ती सांगायची नाही ते असं, की रोज सकाळी चहाबरोबर ती दुखण्यावरची जालीम गोळी घ्यायची. सुरुवातीला पावडरीने तिला खरंच बरं वाटलं होतं. पुढे दुखणं परतलं, पण तोवर गावभर बोलून झालं होतं. बोललेला शब्द परत घेण्यापेक्षा गोळी गिळणं सोपं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तिच्या थोरल्या जाऊबाई शिवणकाम करतात. पायमशीन चालवून चालवून त्यांचे गुडघे पार झिजले होते. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीखही दिली होती. ती जाऊबाईंनी सोडून दिली. घरातच चालताबोलता पुरावा असताना अंगाला चाकू कशाला लावून घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. मावशीने तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. तिने काय केलं, तर त्यांना आणखी एक डबा आणून दिला.

मग एक दिवस पोटात फार जळजळायला लागलं म्हणून मावशीने सकाळची गोळी टाळली. नेमक्या त्याच दिवशी जाऊबाई भिंत धरत धरत दुकानात आल्या. पाय आता टेकवत नव्हता, तरी डबाच मागितला. दुकानात गर्दी होती. मावशी सवयीने खाली बसली, डबा हातात घेतला आणि उठेचना. फळीला धरून जोर केला तर खोकल्याच्या बाटल्या अंगावर आल्या. आम्ही सगळे काउंटरवरून वाकून बघत होतो, आणि ती वर बघत नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जाऊबाई लंगडत आत गेल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"उठवू नका ताई," मावशी खालूनच म्हणाली. "माझे गुडघे गोळीवर चालतात, पावडरीवर नाही. आज गोळी घेतली नाही."

जाऊबाईंनी हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "मी तारीख सोडली तेव्हा तू समोरच बसली होतीस."

मावशीला शेवटी दुकानाच्या मालकाने उठवलं. डबा खालीच राहिला.

त्याच आठवड्यात ती जाऊबाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेली. पावडरीने काहींना थोडा आराम पडतो, डॉक्टर म्हणाले, पण झिजलेला गुडघा ती भरून आणत नाही. आता नवी तारीख कधी मिळेल ते सांगता येत नाही. इतके दिवस कुणाच्या सांगण्यावरून थांबलात, असंही त्यांनी विचारलं.

"एक शेजारीण आहे," जाऊबाई म्हणाल्या.

आपल्यासाठी त्या खोटं बोलल्या, हे मावशीला सहन झालं नाही. "शेजारीण नाही, मीच," ती म्हणाली. "माझे गुडघे दाखवून सांगितलं मी."

"मग या, बघू तुमचे गुडघे," डॉक्टर म्हणाले.

अख्ख्या रस्त्याला गुडघे दाखवत आलेली मावशी तपासणीच्या टेबलापाशी खाली मान घालून उभी राहिली. तिला वर चढता येईना. शेवटी जाऊबाईच खुर्चीला धरून उठल्या आणि त्यांनी पुन्हा हात पुढे केला.